हायस्कूल बेसबॉलची बॅट: शिक्का, वजन आणि बदललेला खेळ

आमचा मुलगा नववीत गेला त्या डिसेंबरात मी त्याच्यासाठी साडेतीनशे डॉलरची बॅट घेतली. चकचकीत निळी, आणि हातात घेतली की फुलासारखी हलकी. मार्चमध्ये शाळेच्या ट्रायआउटला, म्हणजे टीमच्या निवड चाचणीला, तो ती खांद्यावर टाकून ऐटीत गेला. कोचनी बॅट फिरवून एक नजर टाकली आणि कुंपणाला टेकवून ठेवली. ‘ही इथे चालत नाही.’ पुढचे तीन दिवस पोरानं कुणाची तरी मागून आणलेली, त्याला न पेलणारी बॅट फिरवली. दुकानात परत करायची मुदत कधीच उलटली होती, आणि दुकानाला बोल लावायलाही जागा नव्हती. बॅटवर सगळं ढळढळीत छापलेलं होतं. ते वाचायचं कसं, हे मला ठाऊक नव्हतं.

इथे अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच घरांत हे होतं. क्रिकेटची बॅट घ्यायची तर ग्रेन मोजायचे, टाकून बघायची, ठोकून आवाज ऐकायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बेसबॉलच्या बॅटपुढे मात्र आपण अडाणी. त्यात मुलगा लहानपणापासून रेक लीग (गावातली हौशी लीग) नाहीतर ट्रॅव्हल टीममध्ये (गावोगावी स्पर्धा खेळणाऱ्या खासगी संघात) खेळत असला तर आपल्याला वाटतं, एवढी वर्षं झाली, आता काय बघायचं? नेमकं हायस्कूलच्या दारातच नियम बदलतो. बाकीचे पालक ज्याला ‘नवा नियम’ म्हणतात तो खरं तर १ जानेवारी २०१२ पासून देशभरातल्या हायस्कूलना लागू आहे. पण दर वर्षी नववीत येणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना तो नवाच असतो, म्हणून हा लेख.

पहिली पायरी: बॅटवरचा शिक्का वाचा

रंग, कंपनी, किंमत नंतर. आधी बॅटचा जाड भाग, म्हणजे बॅरल, फिरवून शिक्का शोधा. बाजारात मुख्यतः तीन शिक्के दिसतात.

पहिला यूएसए बॅटचा. लिटल लीग आणि तिच्यासारख्या लहान मुलांच्या लीगमध्ये १ जानेवारी २०१८ पासून हा लागतो. दुसरा यूएसएसएसएचा, ज्याला मैदानावर सगळे ‘यू-ट्रिपल-एस-ए’ म्हणतात. त्यावर अंगठ्याच्या ठशासारखं चिन्ह आणि १.१५ बीपीएफ (बॅटच्या उसळीचं एक माप) असं लिहिलेलं असतं. ट्रॅव्हल टीमच्या स्पर्धांमध्ये याच बॅटा चालतात आणि त्यांवरून चेंडू फार जोरात सुटतो. माझी साडेतीनशे डॉलरची निळी बॅट याच जातीची होती.

तिसरा शिक्का बीबीकोरचा, म्हणजे बॅटच्या उसळीवर मर्यादा घालणाऱ्या चाचणीचा: एका चौकटीत ‘बीबीकोर सर्टिफाइड’ आणि .५० हा आकडा. धातूची किंवा कॉम्पोझिटची (कृत्रिम धागे आणि राळ यांची) बॅट असेल तर हायस्कूलमध्ये चालतो तो फक्त हा. शिक्का बॅटवर कायमचा छापलेला असावा लागतो. चिकटवलेलं लेबल किंवा स्टिकर २०२० पासून ग्राह्य धरत नाहीत. त्यामुळे वापरलेली बॅट घेताना शिक्का नखानं खरवडून बघा. कुणी हसलं तर हसू दे.

एका अखंड लाकडातून कातलेल्या बॅटला शिक्का लागत नाही. बांबूच्या किंवा लाकडाचे तुकडे जोडून केलेल्या बॅटला मात्र लागतो. दिसायला दोन्ही लाकडीच, त्यामुळे इथे हमखास फसायला होतं.

मिडल स्कूलचं सगळीकडे एकसारखं नाही. काही ठिकाणी सातवी-आठवीलाच हायस्कूलचे नियम लावतात, काही ठिकाणी नाही. एक ईमेल कोचला टाका आणि मगच कार्ड काढा. मुलगी सॉफ्टबॉल खेळत असेल तर तिची बॅट, तिचे शिक्के, सगळं वेगळं. हा लेख तिला लागू नाही.

दुसरी पायरी: ड्रॉपचं गणित

बॅटची लांबी इंचांत आणि वजन औंसांत. लांबीच्या आकड्यातून वजनाचा आकडा वजा केला की जो उरतो तो ‘ड्रॉप’. ३२ इंच लांब आणि २२ औंस वजन, तर ड्रॉप टेन. इंचांतून औंस वजा करणं शाळेतल्या आपल्या गणिताच्या बाईंना अजिबात चाललं नसतं, पण इथे सगळा धंदा यावरच चालतो.

हायस्कूलमध्ये ड्रॉप जास्तीत जास्त तीन. म्हणजे ३२ इंचांची बॅट २९ औंसांपेक्षा हलकी नको, ३३ इंचांची ३० पेक्षा हलकी नको. धातू किंवा कॉम्पोझिट बॅटचा बॅरल २ ५/८ इंचांहून जाड नको, लाकडी बॅटला पावणेतीन इंचांपर्यंत सूट आहे. लांबी ३६ इंचांपर्यंत. मुठीची ग्रिप खालच्या टोकापासून किमान १० इंच वर जायला हवी, पण १८ इंचांच्या पुढे नाही.

मुलाच्या दृष्टीनं याचा अर्थ काय होतो ते ग्रॅममध्ये बघा. ३२ इंचांची ड्रॉप टेन बॅट सुमारे ६२५ ग्रॅम भरते. त्याच लांबीची ड्रॉप थ्री साधारण ८२० ग्रॅम. जवळजवळ दोनशे ग्रॅमचा फरक. ‘क्रिकेटची बॅट तर अकराशे-बाराशे ग्रॅमची असते, मग हे काय मोठं?’ असं माझ्या मेव्हण्यानं विचारलं होतं. क्रिकेटच्या बहुतेक फटक्यांत बॅट लोलकासारखी खालून येते, वजन तिला मदत करतं. बेसबॉलमध्ये ती खांद्यापासून आडवी, अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात आणायची असते. तिथे एकेक औंस मनगटाला कळतो.

म्हणून उडी एकदम मारू नका. आठवीच्या हिवाळ्यात, किंवा त्याच्याही आधी, ड्रॉप फाइव्हवर सराव सुरू करता आला तर उत्तम. नववीच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत ड्रॉप थ्री हातात असावी. मार्चमध्ये पहिल्यांदा हातात घेतलेली जड बॅट महिनाभर चेंडूवर उशिराच येते, आणि तोवर टीमची यादी भिंतीवर लागलेली असते.

थोडं मागे: हा नियम आला कुठून

हे वगळून पुढे गेलात तरी बॅट घेता येईल. पण मुलगा कुरकुर करेल की ‘बाबा, माझी आधीची बॅट भारी होती’, तेव्हा त्याला सांगायला उपयोगी पडेल.

अ‍ॅल्युमिनियमची बॅट अमेरिकेत १९७० च्या दशकात आली. लाकडी बॅटा मोडत आणि दर मोसमात नव्या घ्याव्या लागत, हा साधा पैशाचा हिशोब त्यामागे होता. कॉलेजच्या खेळात १९७४ मध्ये तिला परवानगी मिळाली. पुढे कंपन्यांच्या लक्षात आलं की पोकळ धातूचा बॅरल पातळ केला की तो चेंडू लागताच किंचित आत दबतो आणि स्प्रिंगसारखा परत उसळतो. लाकूड असं दबत नाही. तिथे चेंडूच चपटा होतो, आणि चपटं होऊन पुन्हा गोल होण्यात त्याची बरीच ऊर्जा वाया जाते. धातूच्या बॅटनं ही उधळपट्टी कमी केली. भौतिकशास्त्रवाले याला ट्रॅम्पोलिन इफेक्ट म्हणतात.

परिणाम कुठवर गेला? १९९८ च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठानं अ‍ॅरिझोना स्टेटला २१-१४ असं हरवलं. बेसबॉलमध्ये ५-३ हा नेहमीसारखा सामना मानतात, यावरून अंदाज करा. त्यानंतर ड्रॉप थ्री आणि बॅरलच्या जाडीची मर्यादा आली. बीईएसआर नावाची चाचणीही आली, तिच्यात बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूच्या वेगावर मर्यादा होती. तिलाही पळवाट निघाली. कॉम्पोझिट बॅट नवी असताना चाचणीत पास होई आणि काहीशे फटक्यांनंतर तिचे धागे सैल पडून ती अधिकच तापट होई. काही महाभाग तर बॅट रोलरखाली घालून मुद्दाम ‘पिकवून’ आणत.

आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा? तो उभा असतो ६० फूट ६ इंचांवर, आणि चेंडू टाकून झाला की आणखी पुढे आलेला असतो. ताशी १०० मैलांनी सुटलेला चेंडू सेकंदाला सुमारे १४७ फूट जातो. म्हणजे हातमोजा तोंडापर्यंत आणायला त्याच्याकडे सेकंदाचा जेमतेम चार दशांश भाग. २००३ मध्ये मॉन्टानात अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटवरून आलेला चेंडू लागून एका तरुण पिचरचा मृत्यू झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. न्यूयॉर्क शहराच्या कौन्सिलनं २००७ मध्ये हायस्कूलच्या सामन्यांत धातूच्या बॅटवर बंदी घातली. महापौर ब्लूमबर्ग यांनी ती नाकारली आणि कौन्सिलनं त्यांचा नकार मोडून कायदा केला. तुम्ही क्वीन्स किंवा ब्रुकलिनमध्ये राहत असाल तर हे लक्षात ठेवा. तिथल्या शाळेत बीबीकोरचा शिक्का असलेली धातूची बॅटही चालणार नाही, लाकूड घ्यावं लागेल.

बीबीकोर ही चाचणी कॉलेजांमध्ये २०११ पासून आणि हायस्कूलमध्ये एक वर्षानंतर आली. प्रयोगशाळेत स्थिर बॅटवर हवेच्या तोफेतून चेंडू मारतात आणि आलेला वेग व परतलेला वेग मोजून बॅट-चेंडूची ‘उसळी’ काढतात. बॅट आणि चेंडू ज्या वेगानं एकमेकांवर आदळले, त्याच्या निम्म्याहून जास्त वेगानं ते एकमेकांपासून दूर जाता कामा नयेत. तो .५० हा आकडा. चांगल्या लाकडाची उसळी साधारण तेवढीच असते. कॉम्पोझिट बॅटला तर आधी कृत्रिमरीत्या ‘म्हातारी’ करतात आणि पुन्हा तपासतात, म्हणजे पिकण्याची पळवाटही बंद. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या क्रीडाविज्ञान प्रयोगशाळेचं नाव या कामात वारंवार येतं.

क्रिकेटवाल्यांना हे नवं वाटू नये. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, वाद झाला, आणि पुढे बॅटचं पातं लाकडाचंच हवं असं नियमात आलं. २०१७ मध्ये एमसीसीनं बॅटच्या कडेची जाडी ४० मिलिमीटरवर आणि एकूण जाडी ६७ मिलिमीटरवर आणून ठेवली. बॅट फार शहाणी झाली की कुणीतरी तिला आवर घालतंच.

तिसरी पायरी: कशाची बॅट घ्यायची

इथे दुकानदार, यूट्यूब आणि टीममधले इतर बाप मिळून तुम्हाला पार गोंधळात टाकतील. सगळ्यांचं ऐका आणि मग हे एक लक्षात ठेवा: कमाल उसळीची मर्यादा सगळ्यांना एकच आहे. दीडशे डॉलरची बॅटही .५० च्या आत आणि पाचशेचीही .५० च्या आत. वरच्या पैशांत तुम्ही विकत घेता ते बॅटचा तोल, हाताला बसणारा झिणझिणाट कमी होणं, आणि मधला चांगला भाग थोडा ऐसपैस असणं. हेही कामाचं आहे. पण ‘महाग बॅट, लांब फटका’ हे समीकरण ट्रॅव्हल बॉलमध्ये होतं, ते इथे मोडलं.

एकसंध अ‍ॅल्युमिनियमची बॅट स्वस्त आणि टणक, पहिल्या दिवसापासून तयार. चेंडू चुकीच्या जागी लागला तर तळहात झोंबतो, पण चूक कळते. नवख्या मुलाला माझ्या मते हीच द्यावी.

पूर्ण कॉम्पोझिट बॅट मऊ लागते आणि तिचा तोल हवा तसा करता येतो. पण ती आधी ‘रुळवावी’ लागते. साध्या चेंडूंवर, दर फटक्याला थोडी फिरवत, दीडशे-दोनशे फटके. आणि तिचं थंडीशी जमत नाही, त्याकडे पुढे येतोच. हायब्रिड म्हणजे धातूचा बॅरल आणि कॉम्पोझिटची मूठ. मधला मार्ग, आणि किंमतही बहुधा मधली.

लाकडी बॅट सामन्यात नेली नाही तरी सरावाला घरी असावी. मेपल कडक, अ‍ॅश लवचीक, बर्च दोन्हींच्या मधला. लाकडावर खोटं बोलता येत नाही. चेंडू बरोबर लागला नाही तर एकतर बॅट मोडते किंवा चेंडू जागीच पडतो. बीबीकोर लाकडाच्या जवळ आणलेली असल्यामुळे हा सराव थेट कामी येतो.

‘बॅलन्स्ड’ आणि ‘एंड-लोडेड’ हे दोन शब्दही कानावर पडतील. एंड-लोडेड बॅटचं वजन टोकाकडे असतं. अकरावी-बारावीतल्या दणकट मुलाला ती साथ देते, नववीतल्या किडकिडीत पोराला ती ओढून नेते. ३० औंस लिहिलेल्या दोन बॅटा हातात एकसारख्या कधीच लागत नाहीत, त्यामुळे ऑनलाइन मागवण्याआधी एकदा तरी दुकानातल्या जाळीत (बॅटिंग केजमध्ये) फिरवून बघू द्या.

चौथी पायरी: माप

बॅटचं खालचं टोक मुलाच्या छातीच्या मधोमध ठेवा आणि बॅट बाजूला पसरलेल्या हाताच्या दिशेनं आडवी धरा. बोटांची टोकं बॅटच्या टोकापर्यंत सहज पोचली तर लांबी ठीक. मग तीच बॅट एका हातानं बाजूला सरळ धरायला सांगा. तीस सेकंदांच्या आत हात खाली यायला लागला तर जड आहे.

नववीतले बरेच जण ३१ किंवा ३२ इंचांवर असतात, मोठी मुलं ३३ वर. ड्रॉप तीन ठरलेलाच असल्यामुळे वजन कमी करायचा एकच रस्ता उरतो: लांबी कमी करा. आधी ३२ ची ड्रॉप एट खेळणारा मुलगा आता ३१ वर आला तर त्यात कमीपणा नाही. पण हे त्याला पटवणं अवघड. मित्राकडे ३३ आहे ना! आमच्याकडे या विषयावर जेवणाच्या टेबलावर दोन दिवस अबोला होता. शेवटी मी त्याला जाळीत नेलं, मशीनचा वेग वाढवला आणि दोन्ही बॅटांनी वीस-वीस चेंडू खेळायला लावले. गाडीत बसताना त्यानं आपणहून ३१ ची पिशवीत घातली.

‘वर्षभरात वाढेल, थोडी मोठीच घेऊ’ हा आपला कपडे-बूट घेण्याचा हिशोब इथे लावू नका. उंच मुलगा आखूड बॅटनं खेळू शकतो. हात न पोचणारा मुलगा लांब बॅटनं फक्त उशीर करतो.

पाचवी पायरी: खरेदी, जुनी-नवी

कंपन्या दर वर्षी नवं मॉडेल काढतात, आणि नवं आलं की मागच्या वर्षीचं उतरतं. मर्यादा तीच असल्यामुळे मागच्या वर्षीची बॅट ही बीबीकोरमधली सगळ्यात शहाणी खरेदी. कंपनीची हमी बहुधा एक वर्षाची असते. पावती जपून ठेवा, आणि ईमेलवरच्या पावतीचा फोटोही काढून ठेवा.

वापरलेली घ्यायची असेल तर हलवून बघा. आत काही खुळखुळलं तर सोडून द्या. टोकाचं झाकण पक्कं आहे ना ते बघा आणि बॅरलवर अंगठा फिरवा. केसाएवढी चीरही चालणार नाही. मूळ पावती मागा, कारण हमी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते. आणि ‘रोल केलेली आहे, मस्त पिकलेली’ असं विकणारा अभिमानानं सांगायला लागला की निघा. रोलरखाली दाबणं किंवा आतून तासून भिंत पातळ करणं म्हणजे बॅटमध्ये फेरफार, आणि फेरफार केलेली बॅट बेकायदा. मुद्दा फक्त नियमाचा नाही. समोर साठ फुटांवर उभा असलेला पिचरही कुणाचा तरी मुलगाच आहे.

कधी कधी एखादं मॉडेल आधी पास होऊन नंतर यादीतून काढलं जातं. फार स्वस्तात मिळणारी जुनी बीबीकोर दिसली तर घेण्याआधी कोचला मॉडेलचं नाव विचारा.

सहावी पायरी: थंडी

न्यू जर्सीत शाळेचा मोसम मार्चमध्ये सुरू होतो. संध्याकाळी चारला पारा ४५ फॅरनहाइटवर, म्हणजे सातेक सेल्सिअसवर, आपण ब्लँकेट पांघरून बाकावर बसलेलो. अशा हवेत चेंडू दगडासारखा होतो आणि कॉम्पोझिटची बॅट तडकते. साधारण ६० फॅरनहाइटच्या खाली कॉम्पोझिट बाहेर काढू नये, असं सांगतात. एप्रिल उजाडेपर्यंत अ‍ॅल्युमिनियम वापरा आणि रात्री बॅट गाडीच्या डिकीत ठेवू नका. बॅटिंग केजमधल्या मशीनचे ते खळगेवाले पिवळे चेंडू खूप कडक असतात, त्यांच्यावर चांगली बॅट खर्च करू नका. त्यासाठी एक जुनी ठेवा. टेक्सास, कॅलिफोर्नियावाल्यांनी हा परिच्छेद वाचून खुशाल हसावं.

सातवी पायरी: बदललेला खेळ ओळखा

बॅट घेतली, काम झालं असं वाटतं. खरा बदल मैदानावर आहे, आणि तो कळला नाही तर मुलाला आपण चुकीचाच सल्ला देत राहतो. मी वर्षभर कुंपणामागून ‘उचल, उचल’ ओरडत होतो.

कॉलेजच्या पहिल्या डिव्हिजनचे आकडे बघा. २०१० मध्ये, जुन्या बॅटांवर, प्रत्येक संघ सामन्यामागे सरासरी ०.९४ होमरन (कुंपणापलीकडचे फटके) मारत होता. २०११ मध्ये बीबीकोर आली आणि हा आकडा ०.५२ झाला. बॅटिंगची सरासरी (हिट मिळण्याचं प्रमाण) .३०५ वरून .२८२ वर आली. मुलं तशीच, मैदानं तशीच, एका वर्षात होमरन जवळजवळ निम्मे. शाळांच्या मैदानांवरही दिशा तीच. पंधरा वर्षांच्या मुलाचा उंच उडालेला चेंडू, जो ट्रॅव्हल बॉलमध्ये कुंपणावरून जायचा, तो आता लांब उभ्या असलेल्या आउटफिल्डरच्या हातात अलगद पडतो. तो बाद होऊन परत येतो आणि आपण म्हणतो, ‘अरे, थोडक्यात हुकला!’ थोडक्यात वगैरे काही नाही. तो फटकाच या बॅटसाठी चुकीचा होता.

आता किंमत आहे ती सरळ, खांद्याच्या उंचीनं सुसाट जाणाऱ्या लाइन ड्राइव्हची. दोन आउटफिल्डरच्या मधून गेली की डबल, म्हणजे एका फटक्यात थेट दुसरा बेस. आउटफिल्डर थोडे पुढे येऊन उभे राहतात, कारण डोक्यावरून जायची भीती कमी झाली. त्यामुळे दुसऱ्या बेसवरून सिंगलवर (एका बेसच्या फटक्यावर) घरी यायचं तर पळणारा मुलगा चपळच हवा. एकेक धाव महाग झाली की तिच्यासाठी धडपडही वाढते: चोरून बेस घेणं, हिट अँड रन (चेंडू सुटताच धावणाऱ्यानं पळणं आणि बॅटरनं मारणं), आणि बंट.

बंट म्हणजे काय हे आपल्या मुलांना समजावणं सोपं आहे. फॉरवर्ड डिफेन्सला मऊ हातांनी खेळून चेंडू पायाशी मारून टाकायचा असतो ना? तेच, आडव्या बॅटनं. दादरच्या शिवाजी पार्कात आमच्या सरांनी ‘हात मऊ ठेव, चेंडू बॅटवर येऊ दे’ म्हणून जे डोक्यात भरलं, ते मी न्यू जर्सीत पोराला जसंच्या तसं सांगितलं आणि ते चाललं. क्रिकेटची बाकी शिकवण मात्र सांभाळून द्या. बेसबॉलमध्ये मागे ग्लान्स नाही, लेट कट नाही. खेळायचं मैदान समोरचा नव्वद अंशांचा तुकडा, आणि चेंडू त्यात पडला की पळावंच लागतं.

पिचरचं धाडसही वाढलंय. जुन्या बॅटवर आत टाकलेला चेंडू मुठीजवळ लागला तरी उडून इनफिल्डच्या, म्हणजे जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या, डोक्यावरून पडायचा. आता तो तिथेच मेल्यासारखा घरंगळतो. म्हणून पिचर बिनधास्त आत टाकतात आणि प्रत्येकाला तीन स्ट्राइकवर बाद करण्याऐवजी ‘मार, माझे खेळाडू पकडतील’ असा खेळ करतात. याला आणखी एक कारण जोडलं गेलं. २०१७ पासून प्रत्येक राज्याच्या हायस्कूल संघटनेला पिचरनं किती चेंडू टाकायचे याची मर्यादा ठरवावी लागते. मोजून चेंडू मिळणार असतील तर कमी चेंडूंत बाद करणारा पिचर कोचचा लाडका होतो. मग शॉर्टस्टॉपवर (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली जागा) आणि सेकंड बेसवर कोण उभं आहे याला मोल येतं.

म्हणजे तुमचा मुलगा अंगानं लहान, पण पायानं तेज आणि हातानं खात्रीचा असेल तर ही बॅट त्याच्या फायद्याची. आणि आठवीपर्यंत गरम बॅटच्या जोरावर होमरन मारणारा थोराड मुलगा नववीत अचानक साधा दिसायला लागला, तर तो बिघडलेला नाही. बॅटनं उचललेला वाटा आता त्याला स्वतः उचलायचाय. त्याला सहा महिने द्या, जिममध्ये पाय आणि कंबर बळकट करू द्या, आणि कृपा करून दुसरी महागडी बॅट घेऊन देऊ नका.

आठवी पायरी: सामन्याचा दिवस

सामन्याआधी पंच दोन्ही कोचना विचारतात की खेळाडूंचं सगळं साहित्य नियमात आहे ना. कोच ‘हो’ म्हणतो आणि जबाबदारी त्याच्या अंगावर येते. बेकायदा बॅट घेऊन मुलगा बॅटिंगच्या चौकटीत उतरला की तो बाद. फटका मारून झाल्यावर, पण पुढचा चेंडू टाकण्याआधी लक्षात आलं, तर समोरच्या संघाला निवड मिळते: दंड घ्या किंवा जे झालं ते राहू द्या. आणि चूक मुलाची असली तरी त्याचा मुख्य कोच उरलेला सामना डगआउटमध्ये (संघाच्या बसायच्या जागेत) बांधला जातो. दुसऱ्यांदा झालं तर कोचला मैदानाबाहेर काढतात. म्हणूनच त्या दिवशी आमच्या कोचनी बॅट कुंपणाला टेकवली होती. मला तेव्हा ते उर्मट वाटले होते.

तडकलेल्या किंवा पोचा आलेल्या बॅटचं तसं नाही. ती फक्त बाजूला काढतात, दंड नाही. चेंडूवर रंग उमटवणारी बॅटही पंच काढायला सांगू शकतात. तेव्हा पिशवीत दुसरी बॅट असू द्या, साधी अ‍ॅल्युमिनियमची, त्याच लांबीची. नसेल तर टीममध्ये कुणाची बॅट आपल्या मापाची आहे ते मुलानं आधीच विचारून ठेवावं.

आणि मुठीच्या खालच्या टोकावर पर्मनंट मार्करनं आडनाव लिहा. डगआउटमध्ये एकाच मॉडेलच्या चार-चार बॅटा असतात आणि सामना संपल्यावर पहिला बसकडे पळणारा मुलगा हाताला येईल ती उचलतो. आमच्या घरी दोन आठवडे एका पाटीलांच्या पोराची बॅट होती, आणि आमची त्यांच्याकडे.